हे सगळे एकच कशावरून?

वडील गेल्यानंतरची गोष्ट. पणदऱ्याला कालव्याच्या अंगाला आमचं अर्धा एकर रान आहे. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची म्हणून मी आणि धाकटी बहीण कागदांची पिशवी घेऊन एका कार्यालयात गेलो. टेबलामागचा तरुण भला होता. त्यानं एकेक कागद पत्त्याच्या डावासारखा मांडला. सातबाऱ्यावर वडिलांचं आडनाव 'शेक'. शाळेच्या दाखल्यावर 'शेख'. जुन्या रेशनकार्डावर 'शैख'. ऊसबिलाच्या पावत्यांवर आडनावाचा पत्ताच नाही, नुसतं नाव आणि त्याला जोडून 'भाई'. मृत्यूच्या दाखल्यावर इंग्रजीत, तेही बँकेच्या पुस्तकाहून निराळं. सगळं बघून झाल्यावर तो म्हणाला, "चाचा, हे सगळे एकच कशावरून?"

मी म्हणालो, "साहेब, सगळ्या नावांना एकच माणूस ओ देत होता." तो हसला. बहीण हसली नाही. तिला दुपारची एसटी गाठायची होती.

मी बी.ए. झालेला माणूस, आणि गझल लिहितो. सारखे आवाज शोधणं हाच माझा धंदा. एका शेराच्या काफियासाठी सारख्या उच्चाराचे शब्द रात्र रात्र गोळा करत बसलेलो आहे. पण 'शेख' आणि 'शेक' हे सारखेच आहेत, असं सरकारदरबारी सिद्ध करायची पाळी येईल, हे काही कधी डोक्यात आलं नव्हतं. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला हा प्रकार सांगितला, तर तो म्हणाला, "मामू, यावर आमच्याकडे अख्खं शास्त्र आहे." आणि प्रतिज्ञापत्राच्या कच्च्या मसुद्याच्या पाठीवर त्यानं मला ते शिकवलं. त्यातलं जे मला उमगलं ते सांगतो. रेडिओवर बोलताना एक सोय होती. ऐकणाऱ्याला 'शेख' आणि 'शेक' यांत फारसा फरक जाणवतच नाही. छापताना मात्र तो लपवता येत नाही.

या शास्त्रातली सर्वांत जुनी युक्ती संगणकाच्याही आधीची आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थानं १९१८ साली तिचं पेटंट घेतलं. तिला साउंडेक्स म्हणतात. नावं अक्षरांप्रमाणे न लावता आवाजाप्रमाणे लावायची, म्हणजे स्पेलिंग कसंही असलं तरी सारखी नावं एकाच खणात सापडतील, हा त्यामागचा विचार. रीत अगदी सोपी. इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. पुढचे स्वर आणि वाय, एच, डब्ल्यू गाळून टाकायचे. उरलेल्या अक्षरांना आकडे द्यायचे. ओठांवरची बी, एफ, पी, व्ही यांना १. सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २. डी आणि टी यांना ३, एलला ४, एम आणि एन यांना ५, आरला ६. एकाच गटाची दोन अक्षरं शेजारी आली तर एकदाच मोजायची. तीन आकडे भरले की थांबायचं, कमी पडले तर शून्यं लावायची.

ही युक्ती कुठं कामाला आली, ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत १९३५ साली म्हाताऱ्या माणसांना निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला. आता वय सिद्ध करायचं कसं? जन्माचे दाखले कितीतरी जणांकडे नव्हतेच. मग जुन्या जनगणनेची कागदपत्रं काढली. १८८० च्या जनगणनेत ज्या घरांत दहा वर्षांपर्यंतची मुलं होती, त्या घरांची कार्डं साउंडेक्सप्रमाणे लावली. म्हणजे आजोबा आपलं नाव सांगणार, कारकून त्याचा आकडा काढणार आणि पंचावन्न वर्षांपूर्वीच्या त्या पोराला खणातून बाहेर काढणार. जनगणनेवाल्यानं नाव कसंही लिहिलेलं असो. थोडक्यात, आमच्यासारखीच माणसं आणि आमचीच अडचण. फरक एवढाच, की तिथं जुळवण्याचं काम कचेरीनं अंगावर घेतलं होतं.

भाच्यानं आमचं आडनाव या चाळणीतून काढलं. 'शेख'ची इंग्रजीत चार-पाच स्पेलिंग होतात. मधे 'ए-आय' घाला, 'ई-आय' घाला, नुसता 'ई' घाला, शेवटचा 'एच' ठेवा नाहीतर खा. सगळ्यांचा आकडा एकच निघतो, एस-२००. मला बरं वाटलं. रमजान आणि रमझान हेही एकाच खणात पडतात. पण हल्ली काही लोक 'रमदान' लिहितात, तो बाहेर राहतो. 'कुरेशी'चं तर विचारूच नका. कुणी 'के'नं लिहितो, कुणी 'क्यू'नं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, या नियमापायी सख्खे भाऊ दोन कपाटांत जातात. वाघांचंही तेच, कुणी डब्ल्यूचा वाघ तर कुणी व्हीचा. आणि ज्यांच्या नावात 'मोहम्मद'चं 'मोहड.' असं आखूड रूप झालेलं आहे, त्यांचा आकडा पूर्ण नावाशी जुळत नाही तो नाहीच.

मग मी म्हणालो, आता गावाचं नाव घाल. पणदरे. इंग्रजीत कुणी 'ण'नंतर 'ए' लिहितो, कुणी लिहीत नाही, कुणी 'ड'ला 'एच' जोडून देतो. आकडा आला पी-५३६. झकास. सहज म्हणून पंढरपूर घातलं. तर तेही पी-५३६! पांडुरंग घातलं. पी-५३६! मी कागद हातात घेऊन तीनदा मोजलं. पी, मग एन म्हणजे ५, डी म्हणजे ३, आर म्हणजे ६. पुढचं सगळं ही पद्धत ऐकतच नाही. साउंडेक्सच्या लेखी आमचं पणदरे, पंढरपूर आणि खुद्द पांडुरंग एकच. आषाढीला पालख्या बारामतीकडून जातात तेव्हा त्यांना उगाच पुढं इतकं चालवतात, असं मी बहिणीला म्हणालो, तर ती म्हणाली, "तुम्ही हे रेडिओवर नका बोलू, भाई." मी बोललो. कुणी रागावलं नाही, उलट पंढरपूरहून एकाचा फोन आला.

पण यात एक गोम आहे. याच पद्धतीत 'सय्यद', 'साठे' आणि 'शेटे' या तिघांचा आकडा एस-३०० येतो. म्हणजे ही चाळणी जिथं जुळवायला हवं तिथं जुळवते, आणि जिथं जुळवू नये तिथंही जुळवते. ती अमेरिकेतल्या नावांसाठी बनवलेली. तिला 'ह' हा दम टाकण्यासारखा वाटतो. आमच्याकडे 'ह' लागला की 'डोले'चे 'ढोले' होतात आणि घराणंच बदलतं. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनाही हीच अडचण आली. त्यांची आडनावं साउंडेक्समध्ये नीट बसेनात, तेव्हा १९८५ साली डेच आणि मोकोटॉफ या दोघांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र पद्धत बांधली. एका अक्षराचे दोन उच्चार संभवत असतील तर त्या नावाला दोन आकडे द्यायचे. मला ही गोष्ट आवडली. आपल्या नावांची चाळणी आपणच विणावी लागते.

मग आपली चाळणी कुठं आहे? खरं म्हणजे ती बालवाडीच्या भिंतीवर लावलेली असते. क ख ग घ ङ ही ओळ घशाजवळची, ट ठ ड ढ ण ही टाळूला जीभ मुडपून, प फ ब भ म ही ओठांची. रसेलनं १९१८ मध्ये ओठांची अक्षरं एका गटात घातली. आपल्या वर्णमालेत ती हजारो वर्षांपासून एका ओळीत बसलेली आहेत. केरळच्या संतोष तोट्टिंगल यांनी स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंगच्या कामात भारतीय लिप्यांसाठी साउंडेक्स तयार केला, तो याच पायावर. त्यात आणखी एक मौज आहे. संगणक अक्षरं ज्या युनिकोड नावाच्या तक्त्यात ठेवतो, त्यात देवनागरीचा 'क' आपल्या रकान्यात ज्या घरात बसतो, त्याच घरात गुजरातीचा, बंगालीचा आणि कन्नडचा 'क' आपापल्या रकान्यात बसतो. त्यामुळं बेळगाव-निपाणीकडच्या माणसाचं नाव एका कागदावर मराठीत आणि दुसऱ्यावर कानडीत असलं, तरी यंत्राला ते ताडून बघता येतं.

दुसरी पद्धत मोजण्याची आहे. रशियातल्या व्लादिमिर लेवेनश्टाइन यांनी १९६५ साली ती मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात, ते मोजायचं. एक अक्षर घालणं ही एक दुरुस्ती, गाळणं ही एक, बदलणं ही एक. 'शेक'चा 'शेख' करायला एक. संगणक काना-मात्रा वेलांटी स्वतंत्र मोजतो, म्हणून 'शेख'चा 'शैख' करायलाही एकच. 'सय्यद'चा 'सैयद' करायला दोन, कारण पाय मोडण्याची खूणही तो वेगळी धरतो. त्याच्या आदल्या वर्षी फ्रेडरिक डॅमेरो यांनी दाखवून दिलं होतं, की शंभरातल्या ऐंशीहून अधिक चुका अशा एकाच दुरुस्तीच्या असतात: एखादं अक्षर जास्त पडलं, राहिलं, बदललं, नाहीतर शेजारची दोन उलटसुलट झाली. भ्रमणध्वनीवर तुम्ही चुकीचं टंकलं आणि त्यानं 'तुम्हाला हे म्हणायचंय का?' असं विचारलं, की आत असंच काहीतरी मोजणं चाललेलं असतं.

पण सगळ्या दुरुस्त्या एका किमतीच्या नसतात. 'शेख' आणि 'शेक' यांत एकाचा फरक. 'अमीन' आणि 'अमीना' यांतही एकाचाच. पहिल्या जोडीत माणूस तोच, दुसऱ्या जोडीत बाप आणि लेक असू शकतात. म्हणून शहाणे लोक वजनं लावतात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक स्वस्त, 'स'-'श' थोडा महाग, शेवटचा काना फार महाग. ही वजनं लावायला भाषा ठाऊक असावी लागते. आमच्याकडे बाईच्या नावाला 'बी' लागतो, मराठी घरात 'बाई' लागतं, पुरुषाला 'राव', 'भाऊ', 'भाई'. हे नावात धरायचं की मानात? कारखान्याच्या पावतीवर 'भाई' लिहिणाऱ्यानं वडिलांना मान दिला होता. त्या मानापायी आम्हाला एक हेलपाटा जास्त पडला.

ऱ्हस्व-दीर्घावरून आठवलं. त्यासाठी मास्तरांनी माझ्या हातावर छड्या मारलेल्या आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ चे, आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. माझी पिढी त्या नियमांवर वाढली. पण आमच्या आज्याच्या वेळचे जमिनीचे कागद मोडीत आहेत, आणि मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळतच नसत. एकच वेलांटी, एकच उकार. कारकुनानं बोरू उचलायचा नाही, भराभर लिहीत सुटायचं. म्हणजे मोडीनं जुळवणीचं निम्मं काम आधीच करून ठेवलेलं होतं! अडचण झाली ती पुढं, मोडीतून बाळबोधीत उतरवताना. ज्यानं उतरवलं त्यानं आपल्या कानाप्रमाणे कुठं पहिली वेलांटी दिली, कुठं दुसरी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला राज्यभरची जुनी दप्तरं निघाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. त्या कागदांशी आजची नावं जुळवणं हे याच जातीचं काम आहे.

आता उलटी गंमत. कधी कधी डोळ्यांना दोन शब्द हुबेहूब सारखे दिसतात आणि संगणकाला वेगळे. 'पणदऱ्याला' हा शब्द घ्या. त्यातला तो पापणीसारखा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र' आणि एक न दिसणारी जोडखूण. कागदावर काडीचा फरक नाही. पण यंत्रात शोधायला गेलं तर एक पणदऱ्याचा रहिवासी दुसऱ्या पणदऱ्यात सापडत नाही. म्हणून जुळवण्याआधी सगळा मजकूर एकाच रीतीत आणून घ्यावा लागतो. भाचा म्हणाला, निम्मी कामं एवढ्यानंच होतात आणि नेमकं एवढंच करायचं राहून जातं.

मात्र सारखा आवाज म्हणजे सारखी वस्तू, असं समजू नये. बारामतीकरांना हे वेगळं सांगायला नको. जुलै २०१४ मध्ये पंढरपूरहून पायी निघालेले धनगर बांधव बारामतीत येऊन उपोषणाला बसले होते. अनुसूचित जमातींच्या यादीत 'धनगड' असा शब्द आहे. तो 'धनगर'च आहे, 'र'चा 'ड' झाला, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीत 'ड' आणि 'र' यांची अदलाबदल होते हे खरंच आहे. खडकीचं 'किरकी' आणि बडोद्याचं 'बरोडा' साहेबानंच केलं. लेवेनश्टाइनच्या मापानं धनगर आणि धनगड यांत एकाच अक्षराचं अंतर. साउंडेक्सच्या मापानं मात्र एक डी-५२६ आणि दुसरा डी-५२३, म्हणजे खण वेगळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या दोन्ही एकच मानायला नकार दिला आणि याचिका फेटाळल्या. त्या वादात मी शिरत नाही. यंत्र अक्षरांचं अंतर सांगेल, माणसांचं सांगणार नाही, एवढंच त्यावरून दिसतं.

मग ठरवायचं कुणी? १९६९ साली कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या फेलेगी आणि संटर या दोघांनी याचं गणित घालून दिलं. नाव, जन्मतारीख, गाव, बापाचं नाव अशा एकेका गोष्टीच्या जुळण्याला गुण द्यायचे. 'शेख' जुळलं तर थोडे गुण, कारण शेख पुष्कळ. विरळा नाव जुळलं तर जास्त. बेरीज एका रेषेच्या वर गेली तर एकच माणूस. दुसऱ्या रेषेच्या खाली आली तर वेगळी माणसं. आणि दोन रेषांच्या मधे जे पडतील, त्यांच्यासाठी तिसरी टोपली. ती माणसानं बसून बघायची.

सगळी मेख त्या तिसऱ्या टोपलीत आहे. रेषा कुठं मारायची, ते यंत्र ठरवत नाही. सैल मारली तर दोन शेख मिळून एक होतील आणि एकाचं रान दुसऱ्याला जाईल. घट्ट मारली तर एकाच शेखचे चार होतील आणि चौघांनाही काही मिळणार नाही. हल्ली ॲग्रिस्टॅकमध्ये शेतकऱ्याला ओळख क्रमांक देताना सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव ताडून पाहतात. आधारची सुरुवात २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीतून झाली. त्यावर नाव इंग्रजीत आणि मराठीत, असं दोनदा असतं, म्हणजे चुकायलाही दोन जागा. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली. १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. बापाच्या नावाचं कागदोपत्री स्पेलिंग जुळत नाही, हा तिथल्या सुनावण्यांत पुन्हा पुन्हा आलेला मुद्दा होता. ते वाचलं त्या दिवशी मी आमची पिशवी पुन्हा उघडून बसलो होतो. पणदऱ्यात बसून आसामची धास्ती घ्यायचं कारण नाही, हे कळत होतं. तरी कागद मोजले.

आमच्याकडे तिसऱ्या टोपलीचं नाव प्रतिज्ञापत्र. त्यात काम कचेरीनं करायचं नसतं, ज्याचं नाव चुकलंय त्यानं करायचं असतं. चूक लिहिणाऱ्याची, शपथ आमची. वास्तविक सातबाऱ्यावरचा लेखनदोष दुरुस्त करायला महसूल अधिनियमात १५५ वं कलम आहेच. पण ते मला त्या तरुणानं शेवटी, चहा पिताना सांगितलं.

तर आम्ही प्रतिज्ञापत्र केलं. वडिलांची पाच नावं 'उर्फ' घालून एकापुढं एक लिहिली. आयुष्यभर साधेपणानं राहिलेला माणूस कागदावर एखाद्या सरदारासारखा दिसायला लागला. दोन साक्षीदार आणले. एक शेजारचे माळी, ते वडिलांना 'शेकभाई' म्हणायचे. दुसरे मशिदीतले हाफिजजी, ते 'शेख' म्हणताना 'ख' असा घशातून काढायचे की बाळबोधीत त्याला अक्षर नाही. दोघांनी एकाच माणसाबद्दल सही केली.

नोंद झाली. फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा आला. माझं नाव बिनचूक आहे. बहिणीचं नाव तिच्या आधारवर 'आमिना', सातबाऱ्यावर 'अमिनाबी'. पुढच्या सोमवारी तिच्यासाठी नोटरीकडे जायचं आहे. तिनं या वेळी सकाळची एसटी धरायचं ठरवलंय.